गांवचा पोळ आणि सरकारी वळू

पोळ आणि वळू हे दोन शब्द मराठी माणसास अगदींच परके नाहींत. परंतु त्यांतील भेद शहरांत वाढलेल्या पिढीच्या ध्यानांतून जवळजवळ गेला आहे. वळू म्हणजे पैदाशीसाठीं राखलेला बैल. पोळ म्हणजे कोणा मृताच्या नांवानें, अंगावर त्रिशूळ-चक्राची खूण डागून, मोकळा सोडलेला बैल. धर्मशास्त्रांत या विधीस वृषोत्सर्ग असें म्हणतात. सोडलेला पोळ कोणाच्याच मालकीचा नसे, म्हणूनच तो सर्व गांवाचा असे. त्यानें उभ्या पिकांत तोंड घातलें तर त्यास हांकून देत, परंतु त्यावर काठी उगारीत नसत. आणि गांवच्या गाई त्याच्यापासून गाभण राहत. सोडावयाचा बैल सुलक्षणी व धडधाकट असावा असा शास्त्राचा दंडक होता. तो पाळला जाई तोंपर्यंत एका घरच्या श्राद्धविधींतून सर्व गांवच्या गोधनाची बेगमी आपोआप होत असे. पुढें दंडक सैल झाला, स्वस्तांत मिळेल तो गोऱ्हा सोडून विधि उरकण्याची चाल पडली, आणि पोळाची जागा सरकारी वळूनें घ्यावी असा विचार सुरू झाला. आज तर सरकारी वळूही गांवांत दिसत नाहीं. त्याचें बीज पाव घनसेंटिमीटरच्या नळींत, शून्याखालीं १९६ अंश थंड अशा द्रवरूप नत्रवायूंत बुडवून गांवोगांव हिंडतें. पोळापासून या नळीपर्यंतचा प्रवास हाच आमच्या आजच्या निबंधाचा विषय आहे.

विषय गोठ्याचा आहे, म्हणून तो साहित्याच्या मासिकांत कशाला, अशी शंका कोणी वाचक काढील. तिला आमचें उत्तर एवढेंच कीं, ज्या देशांत शंभर वर्षांपूर्वीं नांगर, मोट, गाडी आणि तोफ हीं चारही बैलाच्या मानेवर चालत होतीं, त्या देशाचा इतिहास बैलास वगळून लिहितां येत नाहीं. शिवाय 'सुधारणा' या शब्दाचा अर्थ काय, ती कोणाच्या सोयीसाठीं केली जाते, आणि तिची किंमत कोण देतो, हे प्रश्न जितके माणसांच्या सुधारणेला लागू आहेत तितकेच जनावरांच्या सुधारणेलाही लागू आहेत.

राज्यसत्तेनें गुरांच्या पैदाशींत लक्ष घालावें ही कल्पना इंग्रजांनीं आणलेली नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत गोऽध्यक्ष नांवाच्या अधिकाऱ्याचें स्वतंत्र प्रकरण आहे. गाई, म्हशी व उंट यांच्या शंभरांच्या कळपांत चार नर असावे असें प्रमाणही त्यांत घालून दिलेलें आहे. गाय आणि म्हैस या दोघींस एकाच ओळींत बसविणारा तो ग्रंथकार पुढील कित्येक राज्यकर्त्यांहून अधिक निःपक्षपाती होता, हें पुढें दिसून येईल.

अलीकडच्या काळांतील पहिलें मोठें उदाहरण म्हैसुरचें आहे. चिक्कदेवराज वोडेयर (राज्यकाल १६७२ ते १७०४) यानें दरबाराच्या गाईंचें एक खातें उभें केलें. त्यास 'बेण्णे चावडी', म्हणजे लोण्याची कचेरी, असें नांव होतें. हैदर अलीनें हे कळप वाढविले आणि त्यांतील बैल तोफांच्या गाड्यांस जुंपले. टिपूनें खात्याचें नांव 'अमृत महाल' असें ठेविलें. नांव राहिलें दुधा-लोण्याचें. काम मात्र झालें युद्धाचें. १७९९ सालीं श्रीरंगपट्टण पडलें आणि हे कळप विजेत्यांच्या हातीं गेले. म्हैसुरच्या युद्धांत व नंतर मराठ्यांशीं झालेल्या युद्धांत ज्यानें या बैलांची चाल पाहिली, त्या आर्थर वेलस्लीस पुढें युरोपांत लढतांनाही त्यांची आठवण होत असे.

येथपर्यंतची कथा वैभवाची आहे. पुढची बोधाची आहे. १८६० सालीं मद्रास सरकारनें काटकसरीच्या भरांत हा कळप मोडून टाकला आणि जनावरें विकलीं. जी जात घडावयास दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला, ती फुंकून टाकावयास एक हुकूम पुरला. थोड्याच वर्षांत लष्करास चांगले बैल मिळेनासे झाले, सरकारला आपली चूक कळून आली, आणि १८६६ सालीं उरलींसुरलीं जनावरें गोळा करून कळप पुन्हां उभा करण्यास आरंभ झाला. १८८२ सालीं तो म्हैसुर दरबाराच्या स्वाधीन करण्यांत आला. या कळपांचें खरें बळ त्यांच्या राखीव कुरणांत होतें. त्यांस तिकडे 'कावल' म्हणतात. पुढें हीं कुरणें शेतीसाठीं व इतर कामांसाठीं तुटत गेलीं आणि त्यांबरोबर कळपही आटत गेले. जनावराची जात ही केवळ रक्तांत नसते, ती गवतांतही असते, हा धडा अमृत महालानें शिकविला. तो आम्ही अजून पुरता शिकलों आहों असें वाटत नाहीं.

उत्तरेंत कंपनी सरकारनें १८०९ सालीं हिस्सार येथें पशुक्षेत्र काढलें. तेंही प्रथम उंटांसाठीं व पुढें तोफखान्याच्या बैलांसाठीं. एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या भागांत सरकारची पशुसुधारणा म्हणजे लष्कराची सोय होती. रयतेच्या गुरांकडे लक्ष गेलें तें रोगराई आणि दुष्काळ यांमुळें. बुळकांड्या रोगानें गोठेच्या गोठे ओस पडूं लागले तेव्हां त्याच्या चौकशीसाठीं आयोग नेमला गेला, आणि त्यानें १८७१ सालीं आपला वृत्तांत सादर केला. १८८९ सालीं पुण्यास जंतुशास्त्राची प्रयोगशाळा निघाली. ती १८९३ सालीं हिमालयांत मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली, आणि तिच्यांतूनच आजची इज्जतनगरची पशुवैद्यक संशोधनसंस्था वाढली. ज्या रोगापायीं हें सर्व सुरू झालें, त्यापासून हिंदुस्थान २००६ सालीं व सर्व जग २०११ सालीं मुक्त झाल्याचें जाहीर झालें. सरकारी पशुखात्याच्या जमेच्या बाजूस यापेक्षां मोठी रक्कम आम्हांस दाखवितां येणार नाहीं.

दुष्काळाची गोष्ट मुंबई इलाख्याची आहे. छप्पन्नाचा दुष्काळ, म्हणजे १८९९-१९०० चा, गुजराथेंत असा पडला कीं कांकरेज जातीचीं देखणीं, दणकट गुरें चाऱ्यावांचून हजारोंनीं मेलीं. बियाण्यापुरतीं तरी जनावरें वांचावीं म्हणून मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड नॉर्थकोट यांनीं कांहीं निवडक गुरें गोळा करून त्यांस चारा पुरविला. अहमदाबादजवळील छारोडीचें पशुक्षेत्र त्यांतून उभें राहिलें. सरकारी योजनांत जी योजना सर्वांत कमी डामडौलाची होती ती बहुधा हीच. नवी जात घडविणें हा तिचा हेतु नव्हता. असलेली मरूं नये एवढाच होता.

यानंतर १९२६ सालीं लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालीं शेतकीचा शाही आयोग नेमला गेला आणि १९२८ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यांतील गुरांविषयींचें विवेचन आजही वाचनीय आहे. आयोगानें एक दुष्टचक्र दाखवून दिलें. चारा कमी, म्हणून बैल दुबळे. बैल दुबळे, म्हणून तितक्याच कामास अधिक बैल लागतात. अधिक बैलांसाठीं अधिक गाई पाळाव्या लागतात. आणि तोंडें वाढलीं कीं चारा आणखी कमी पडतो. गुरें वाईट म्हणून पुष्कळ, आणि पुष्कळ म्हणून वाईट, असा हा फेरा आहे. तो तोडण्यासाठीं दोन उपाय पुढें आले : चांगले वळू वांटणें आणि निकृष्ट वळूंचें खच्चीकरण करणें. मुंबई सरकारनें १९३३ सालीं त्यासाठीं कायदा केला. परवान्यावांचून वळू राखूं नये आणि बिनपरवान्याचा खच्ची करावा असें त्याचें स्वरूप होतें. लिनलिथगो १९३६ सालीं व्हाइसरॉय होऊन आले तेव्हां त्यांनीं धनिकांस व जमीनदारांस गांवोगांव वळू दान करण्याविषयीं आवाहन केलें. वृषोत्सर्गाचा विधि आतां सरकारी पत्रकांतून निघूं लागला, असें कोणी विनोदानें म्हटलें तर तें फारसें चूक होणार नाहीं.

या योजनांचें यश बेताचेंच राहिलें. त्याचें कारण रयतेचें अज्ञान असें त्या वेळचे अधिकारी सांगत, आणि आमच्यांतील इंग्रजी शिकलेले लोक त्यांस मान डोलवीत. आम्हांस हें कारण पुरेसें वाटत नाहीं. खच्ची करण्याचें पाप आपल्या माथीं नको ही भावना होती, हें खरें. पण शेतकरी स्वतःचे बैल खच्ची करीतच होता. खरी अडचण हिशेबाची होती. आज एका गाईस वळू दाखविला तर नऊ महिन्यांनीं वासरूं होणार. ती कालवड निघाली तर तिचें पहिलें वेत साडेतीन-चार वर्षांनीं येणार, आणि त्या वेताचें दूध मोजून पूर्ण होण्यास आणखी दहा महिने लागणार. म्हणजे हा वळू चांगला कीं वाईट, हें सांगण्यास पांच-साडेपांच वर्षें हवींत. इतक्या अवधींत अंमलदाराची दोनदां बदली होते, योजनेचें नांव बदलतें, आणि वळूही बहुधा म्हातारा होतो. जेथें दुधाची नोंदच नाहीं तेथें वळूची निवड डोळ्यांनीं करावी लागते; आणि डोळ्यांनीं पारखण्याच्या कलेंत खरसुंडीच्या जत्रेंतला खिल्लाऱ्या कोणत्याही पदवीधर अधिकाऱ्यास हार जाण्यासारखा नव्हता. त्याला मात्र कोणी विचारलें नाहीं.

या सर्व खटाटोपांत म्हैस कोठें होती? कौटिल्यानें जिला गाईच्या पंक्तीस बसविलें, ती सरकारी योजनांत फार उशिरां आली. लष्कराला तोफ ओढणारा बैल हवा होता. तो म्हैस देत नाहीं. धर्माभिमान्यांस गाय हवी होती. लोकांच्या चहांत, दह्यांत आणि तुपांत मात्र म्हैसच होती. गांधीजी १९२७ सालीं बंगळुरास प्रकृति सुधारण्यासाठीं राहिले असतां तेथील सरकारी दुग्धसंस्थेंत गोपालनाचे धडे घेत असत. ओढकाम आणि दूध या दोन्हींचा भार एकट्या गाईवरच राहिला तर ती वांचेल, म्हशीचा मोह धरल्यास गाय आणि म्हैस दोघीही जातील, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९४१ सालीं वर्ध्यास निघालेल्या व जमनालाल बजाजांनीं वाहिलेल्या गोसेवा संघाचें धोरण याच युक्तिवादावर उभें होतें. युक्तिवाद अर्थशास्त्राचा होता, केवळ भक्तीचा नव्हता. परंतु गिऱ्हाइकाची जीभ त्याच्या बाजूस नव्हती.

मुंबईच्या तबेल्यांची कथा याहून करुण आहे. शहरास दूध हवें म्हणून पंजाब-हरियाणाकडील मुऱ्हा व काठेवाडच्या जाफराबादी अशा निवडक म्हशी आगगाडीनें आणीत. शहरांत चारा महाग व जागा अपुरी. म्हैस भाकड झाली कीं तिला दुसऱ्या वेतापर्यंत पोसणें तबेलेवाल्यास परवडत नसे. मग ती कसाईखान्याची वाट धरी, आणि तिचें पारडूं तर त्याआधींच उपासानें मेलेलें असे. देशांतील उत्तमोत्तम दुभत्या म्हशींचा वंश अशा रीतीनें एकेका वेतानंतर संपत होता. एकीकडे सरकार वळू वांटीत होतें, आणि दुसरीकडे शहराची दुधाची तहान वेंचक माद्या गिळीत होती. १९४९ सालीं आरे येथें दुग्धवसाहत उभी राहिली, तिचा एक हेतु हें थांबविणें हा होता. कोल्हापुरास मात्र पंढरपुरी म्हैस गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पिळून देण्याची गवळ्यांची रीत सरकारी मदतीवांचून टिकली, आणि तिच्याबरोबर ती लांब शिंगांची जातही टिकली.

स्वातंत्र्यानंतर घटनाकारांनीं अठ्ठेचाळीसाव्या कलमांत दोन प्रवाह एकत्र आणले : पशुसंवर्धन आधुनिक व शास्त्रीय पायावर उभारणें, जातींचें रक्षण व सुधारणा करणें, आणि गाई-वासरांच्या व इतर दुभत्या व ओढकामाच्या गुरांच्या वधास बंदी करणें. हे दोन हेतु एका वाक्यांत बसले. व्यवहारांत त्यांचा मेळ घालण्याचें काम पुढील पिढ्यांवर पडलें. पहिल्या पंचवार्षिक योजनेंत कांहीं निवडक खेड्यांचे गट करून तेथें उत्तम वळू, कृत्रिम रेतन, खच्चीकरण व चारा या सर्वांची जोड देणारी योजना निघाली. कृत्रिम रेतनाचा प्रयोग त्यापूर्वींच, १९३९ सालीं, म्हैसुरच्या राजवाड्याच्या गोशाळेंत संपतकुमारन यांनीं यशस्वी केला होता, आणि १९४३ सालीं अलाहाबादच्या शेतकी संस्थेंत या रीतीनें म्हशीचें पहिलें पारडूं जन्मास आलें होतें. १९६४-६५ पासून सुमारे एक लक्ष गाई-म्हशींच्या टापूस एक अशा सघन योजना सुरू झाल्या, त्या दूध-केंद्रांच्या आसपास. येथें एक मोठा पालट झाला. शंभर वर्षें जिचें साध्य बैल होतें, त्या पैदाशीचें साध्य आतां दूध झालें.

मग परदेशी वळू आले. केरळांत १९६३ सालीं स्विस सहकार्यानें माडुपट्टीचा प्रकल्प निघाला. आमच्याकडे उरुळीकांचनास मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं 'बाएफ' ही संस्था स्थापिली आणि रेतनाची सेवा थेट शेतकऱ्याच्या दारांत नेली. राहुरीच्या कृषि विद्यापीठानें गीर, होल्स्टीन व जर्सी या तिघांच्या संकरांतून 'फुले त्रिवेणी' घडविली. राष्ट्रीय कृषि आयोगानें १९७६ सालीं गाईंसाठीं संकर व म्हशींसाठीं मुऱ्हा वळूनें श्रेणीवाढ, हा मार्ग देशापुढें ठेवला. १९७० पासूनच्या दूधमहापूर योजनेनें या दुधास बाजार दिला. विसाव्या शतकाच्या अखेरीस दूध-उत्पादनांत हा देश जगांत पहिला झाला, आणि त्यांतील निम्म्याच्या जवळपास दूध आजही म्हशीचें आहे.

हा लाभ लहान नाहीं, आणि कोरड्या तालुक्यांतील कित्येक कुटुंबांची चूल त्यावर पेटते हें आम्ही डोळ्यांनीं पाहिलें आहे. आमचें आजोळ माणदेशाच्या कडेचें. लहानपणीं तेथील गोठ्यांत खिल्लार जोडी होती, आणि गाय होती ती केवळ त्या जोडीची आई म्हणून. तिचें दूध वासरापुरतें. एका उन्हाळ्यांत आजोबांनीं जोडी विकली आणि संकरित गाय आणली. दुधाच्या पैशांतून मामांचें शिक्षण झालें. पुढें त्या गाईस गोऱ्हा झाला, तेव्हां त्याच्या पाठीवरून हात फिरवीत आजोबा म्हणाले, "वशिंडच नाहीं रे याला, जूं कुठं टेकवायचं?" तो गोऱ्हा पुढें कोठें गेला हें आम्हीं तेव्हां विचारलें नाहीं, आणि घरांतल्या कोणीं सांगितलेंही नाहीं.

या प्रश्नाचें उत्तर आजवरच्या एकाही योजनेनें पुरतेपणीं दिलेलें नाहीं. निसर्ग नर व मादी समसमान देतो. बैलांच्या युगांत नरास किंमत होती व मादी दुय्यम होती, दुधाच्या युगांत उलट झालें. ट्रॅक्टरानें गोऱ्ह्याचें उरलेंसुरलें कामही काढून घेतलें. महाराष्ट्रांत २०१५ च्या दुरुस्तीनें बैल व वळू यांच्या वधासही बंदी आली; म्हणजे निरुपयोगी नर पोसण्याचा भार सर्वस्वीं शेतकऱ्यावर आला, आणि ज्यास तो पेलत नाहीं तो नर रस्त्यावर आला. पोळ मोकळा सुटे तो कोणाच्या तरी आठवणीसाठीं. हा सुटतो तो कोणासच नको म्हणून. आतां बहुतांशीं कालवडीच जन्मास याव्या असें लिंगनिश्चित बीज सरकार सवलतीनें देऊं लागलें आहे. उपाय शास्त्रशुद्ध आहे. परंतु प्रश्न आपण निर्माण केला होता, ही कबुलीही त्यांत आहे.

दरम्यान धोरणाचें वारें पुन्हां फिरलें आहे. २००० सालच्या राष्ट्रीय प्रकल्पांत, आणि त्याहून स्पष्टपणें २०१४ सालच्या राष्ट्रीय गोकुळ अभियानांत, देशी जातींच्या रक्षणावर भर आला. २०१९ च्या पशुगणनेंत देशांत सुमारे १९ कोटी गाई-बैल व ११ कोटी म्हशी-रेडे होते. गाई-बैलांपैकीं सुमारे ५ कोटी परदेशी वा संकरित. मागील गणनेच्या मानानें संकरितांची संख्या वाढली होती आणि देशी घटलीं होतीं. ज्या गीर गाईचें कौतुक आज आम्ही करतों, तिची दुधासाठीं चिकाटीनें निवड केली ती ब्राझीलनें, काठेवाडांतून नेलेल्या जनावरांवर. आमच्याच कांकरेज व ओंगोल गुरांचे वंशही तेथें नांवारूपास आले. ब्राझीलकरांपाशीं जादू नव्हती. त्यांच्यापाशीं कुरणें होतीं, आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या नोंदी होत्या.

खिल्लाराचें उदाहरण आणखी बोलकें आहे. त्याच्यासाठीं सरकारी क्षेत्रें निघालीं, परंतु त्याचा भाव खरोखर वर-खालीं झाला तो शर्यतींमुळें. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरांत त्या पुन्हां सुरू झाल्या आणि २०२३ सालीं कायम झाल्या. मधल्या काळांत खोंडाची किंमत पडली व नंतर ती चढली, हें बाजारांत कोणीही सांगेल. शर्यती इष्ट कीं अनिष्ट या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं. तात्पर्य इतकेंच कीं, जी जात कोणाच्या तरी रोजच्या जगण्यांत गुंतलेली असते तीच टिकते. केवळ अनुदानावर जगणारी जात संग्रहालयांतल्या वस्तूसारखी होते.

दोनशें वर्षांचा हा वृत्तांत पाहतां एक गोष्ट आमच्या मनांत ठसते. प्रत्येक काळच्या सरकारनें आपल्या गरजेस सुधारणा हें नांव दिलें : तोफेस बैल हवा होता तेव्हां ती सुधारणा, शहरास दूध हवें होतें तेव्हां ती सुधारणा, आणि आज अस्मितेस वशिंड हवें आहे तेव्हां तीही सुधारणाच. यांतील एकही गरज खोटी नव्हती. चूक इतकीच झाली कीं, प्रत्येक वेळीं आधींची गरज जणूं कधीं नव्हतीच असें मानून पुढचा हुकूम निघाला. १८६० सालीं कळप विकणाऱ्या अधिकाऱ्यानेंही हिशेब नीटच केला असेल. फक्त तो एका वर्षाचा होता, आणि जनावराच्या जातीचा हिशेब पिढ्यांनीं करावा लागतो. गायरानें राखणें, दारोदारच्या दुधाची नोंद ठेवणें, आणि ज्याच्या दावणीला जनावर बांधलेलें आहे त्याला पहिल्यानें विचारणें, हीं तीन कामें कोणत्याही नव्या योजनेच्या नांवापेक्षां जुनीं आहेत आणि अजून व्हावयाचीं आहेत. तीं होतील तेव्हां पुढच्या कोणा आजोबांस गोऱ्ह्याच्या पाठीवरून हात फिरवितांना तो प्रश्न पडणार नाहीं, अशी आशा आम्ही बाळगतों.